तारीख आणि तारखेसारखा दिसणारा मजकूर

पॅन आणि आधार जोडताना, बँकेत केवायसी करताना किंवा एखाद्या योजनेचा अर्ज भरताना ‘जन्मतारीख जुळत नाही’ हा संदेश पाहून गोंधळलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात. पुष्कळदा दोन कागदांवरच्या तारखा खरोखरच वेगळ्या असतात आणि मग तो प्रश्न कागदपत्रांचा असतो. पण कधी कधी दोन्हीकडे तारीख एकच असते, माणसाला ती एकच दिसते, आणि तरीही संगणक ती वेगळी ठरवतो. याचे एक साधे आणि सर्रास आढळणारे कारण असे की, संगणकात ती तारीख म्हणून ठेवलेलीच नसते. ती दहा अक्षरांची एक ओळ म्हणून ठेवलेली असते. हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो, पण ठेवीची मुदत, पेन्शनचे वय, लसीचा पुढचा डोस अशा अनेक गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात, म्हणून तो मुळापासून समजून घेण्यासारखा आहे.

## रकान्याचा प्रकार

डेटाबेस म्हणजे तक्त्यांच्या रूपात ठेवलेली माहिती. तक्ता तयार करताना प्रत्येक रकान्यात काय येणार ते आधी सांगावे लागते: इथे संख्या, इथे मजकूर, इथे तारीख. यालाच त्या रकान्याचा प्रकार म्हणतात. प्रकार ठरला की संगणक दारावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्यासारखा वागतो. संख्येच्या रकान्यात ‘पाचशे’ असे अक्षरी लिहू पाहिले तर तो आत घेत नाही, आणि तारखेच्या रकान्यात ३१ जून लिहू पाहिले तर तेही नाकारतो, कारण असा दिवस नसतोच.

तारीख या प्रकारात आत काय साठवले जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. पुष्कळ ठिकाणी तिथे दिवस, महिना, वर्ष असे काही लिहिलेले नसते; एखाद्या ठरावीक दिवसापासून किती दिवस झाले, एवढाच आकडा असतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस १ जानेवारी २००० पासून दिवस मोजतो, त्यामुळे ५ मार्च २०१९ ही तारीख त्याच्या दृष्टीने ७००३ असते. एक्सेल १९०० सालाच्या सुरुवातीपासून मोजते आणि त्याच दिवसाला ४३५२९ म्हणते. आपल्याला पडद्यावर ‘०५/०३/२०१९’ दिसते ते दाखवण्यापुरते चढवलेले रूप असते. आत आकडा असल्यामुळेच दोन तारखांमधले अंतर वजाबाकीने निघते, नव्वद दिवसांनंतरची तारीख बेरजेने निघते आणि आधीची कोणती, नंतरची कोणती, हे विचारायची गरज उरत नाही.

मजकूर या प्रकाराचे तसे नाही. त्यात ‘०५/०३/२०१९’ म्हणजे शून्य, पाच, तिरकी रेघ, शून्य, तीन, अशी ओळीने दहा चिन्हे. त्या चिन्हांना काही अर्थ आहे याची संगणकाला कल्पना नसते. त्याच रकान्यात ‘नंतर कळवू’ असे लिहिले तरी तो हरकत घेत नाही. आणि खरे सांगायचे तर, मजकुराचा प्रकार निवडला जातो तो याच गुणामुळे. जुन्या एक्सेल फाइलींतून माहिती नव्या प्रणालीत ओतताना तारखेचा रकाना पन्नास ठिकाणी अडतो, मजकुराचा रकाना एकदाही अडत नाही. काम संध्याकाळपर्यंत संपवायचे असते, म्हणून तक्रार न करणारा रकाना निवडला जातो.

## पत्ता आणि पिनकोड

मजकुराची तुलना संगणक शब्दकोशाप्रमाणे करतो: डावीकडून पहिले अक्षर पाहायचे, ते सारखे असेल तरच दुसऱ्याकडे जायचे. आपण तारीख लिहितो ती मात्र आपल्या पत्त्यासारखी, लहानाकडून मोठ्याकडे: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, जसे आधी मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. समजा, टपाल कचेरीत कुणी पत्रांची वर्गवारी पत्त्याच्या पहिल्या शब्दावरून करू लागले, तर पुणे जिल्ह्यातल्या वडगावची आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावची पत्रे एकाच गठ्ठ्यात येतील, आणि एकाच तालुक्यातल्या शेजारच्या दोन गावांची पत्रे दोन टोकांना जातील. मजकूर म्हणून ठेवलेल्या तारखांची क्रमवारी लावताना नेमके हेच होते. ‘०२/११/२०२४’, ‘०३/०१/२०१९’ आणि ‘१५/०८/२०११’ यांतली सर्वांत जुनी तारीख संगणक शेवटी ठेवतो आणि सर्वांत नवी पहिली ठेवतो, कारण तो फक्त शून्य-दोन, शून्य-तीन आणि एक-पाच एवढेच पाहतो.

टपाल खात्याने हा प्रश्न पिनकोडने सोडवला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, त्यानंतरचे आकडे त्याला बारीक करत नेतात आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय सांगतात. मोठ्याकडून लहानाकडे अशी ही रचना असल्यामुळे डावीकडून वाचत गेले की वर्गवारी आपोआप होते. तारखांसाठी १९८८ साली आलेले आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक तेच करते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, जसे २०१९-०३-०५. अशा रूपात लिहिलेल्या तारखा शब्दकोशाच्या क्रमाने लावल्या तरी कालक्रमाने लागतात.

## आर्थिक वर्षाची एक यादी

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या ठेवींच्या नोंदी नव्या प्रणालीत नेण्याच्या कामात मी होतो. जुन्या प्रणालीत ठेवीची तारीख मजकूर म्हणून होती, आणि १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या आर्थिक वर्षातल्या ठेवींची यादी काढा, अशी मागणी होती. यादी निघाली, भरपूर पानांची निघाली, आणि म्हणूनच पहिल्या नजरेत कुणाला शंका आली नाही. मग एकाने २०१६ सालची एक ठेव त्यात पाहिली.

झाले असे होते, की संगणकाने ‘०१/०४/२०२३’ आणि ‘३१/०३/२०२४’ या दोन ओळींच्या मधे, शब्दकोशाच्या क्रमाने, जे जे बसते ते सगळे दिले होते. दोन तारखेपासून तीस तारखेपर्यंतचा प्रत्येक दिवस, कोणत्याही महिन्यातला, कोणत्याही वर्षातला, या दोन टोकांच्या मधे बसतो. म्हणजे संस्थेच्या स्थापनेपासूनच्या जवळजवळ सगळ्या ठेवी यादीत आल्या. हे वाईट होतेच. पण ज्या गळल्या त्यांनी मला अधिक अस्वस्थ केले. मागितलेल्या वर्षातले आठ दिवस यादीत नव्हते. १ जानेवारी, १ फेब्रुवारी आणि १ मार्च २०२४ हे तीन दिवस गेले, कारण ‘०१/०१’, ‘०१/०२’ आणि ‘०१/०३’ हे ‘०१/०४’च्या आधी येतात. आणि ३१ मे, ३१ जुलै, ३१ ऑगस्ट, ३१ ऑक्टोबर, ३१ डिसेंबर २०२३ हे पाच गेले, कारण ‘३१/०५’ किंवा ‘३१/१२’ हे ‘३१/०३’च्या नंतर येतात, मग वर्ष काहीही असो. महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख. ठेवी ठेवण्याचे आणि काढण्याचे नेमके गर्दीचे दिवस.

जास्तीच्या नोंदी डोळ्याला दिसतात आणि कुणीतरी विचारतो. नसलेल्या नोंदींबद्दल कुणी विचारत नाही. ज्या ठेवीदाराची पावती ३१ ऑक्टोबरची होती, त्याला आपले नाव यादीतून गळले आहे हे कळायचा काही मार्गच नव्हता.

## ५ मार्च की ३ मे

आता अधिक खोल अडचणीकडे येऊ. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी लिहितात. त्यामुळे ‘०५/०३/२०१९’ ही ओळ आपल्यासाठी ५ मार्च असते आणि अमेरिकी मांडणीच्या संगणकासाठी ३ मे. यातले कोणते खरे, हे त्या दहा अक्षरांत कुठेही लिहिलेले नसते, आणि कितीही हुशार प्रणाली आणली तरी नुसत्या त्या अक्षरांतून ते काढता येणार नाही. ते कळते फक्त ओळ कुठून आली, कुणी टंकली, कोणत्या यंत्रावर टंकली, यावरून.

वर्षातल्या किती तारखा अशा दुहेरी आहेत ते मोजून पाहता येते. प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखांचा आकडा महिनाही असू शकतो. बारा महिने गुणिले बारा दिवस म्हणजे १४४. त्यांतल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा तारखा उलटवल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस, एक तृतीयांशाहून थोडे अधिक, गुपचूप दुसरा दिवस होऊ शकतात. उरलेल्या २२१ दिवसांत, म्हणजे तेरा तारखेपासून पुढे, चूक लगेच कळते, कारण पंचविसावा महिना नसतो. पण चाचणी घेणाऱ्याने सवयीने १ जानेवारी टंकून पाहिले की सगळे ठीक वाटते आणि दोष पुढे जातो.

एक्सेलमध्ये हे समोर घडताना पाहता येते. अमेरिकी मांडणी असलेल्या संगणकावर सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर-फाइल, उघडली की ‘२५/०३/२०१९’ हे तसेच मजकूर म्हणून राहते आणि चौकटीच्या डाव्या कडेला चिकटते, तर ‘०५/०३/२०१९’ची ३ मे होते आणि ती उजव्या कडेला जाते. एकाच रकान्यातल्या काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर हात तिथेच थांबवावा. उजवीकडच्या उलटल्या असण्याची दाट शक्यता असते, आणि फाइल साठवली की मूळ अक्षरे परत मिळत नाहीत.

यंत्राने परस्पर अंदाज बांधण्याची ही सवय किती दूर जाते याचे उदाहरण जनुकशास्त्रात आहे. मार्च१ आणि सेप्ट१ अशी काही मानवी जनुकांची चिन्हे होती आणि एक्सेल त्यांना १ मार्च, १ सप्टेंबर करून टाकत असे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ती चिन्हेच बदलली: मार्च१ झाले मार्चएफ१ आणि सेप्ट१ झाले सेप्टिन१. एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकांची नावे बदलणे सोपे ठरले.

## एका रकान्यातली गर्दी

पहारेकरी नसलेल्या रकान्यात दहा वर्षांत काय काय साठते, ते मी त्या पतसंस्थेच्या तक्त्यात पाहिले. ‘५/३/१९’. ‘०५-०३-२०१९’. ‘०५.०३.२०१९’. ‘मार्च १८’. नुसते ‘२०१७’. नुसती आडवी रेघ. ‘३१/०६/२०१८’, जो दिवस कधी उगवलाच नाही. ‘४३५२९’, म्हणजे एक्सेलचा आतला आकडा तसाच चिकटवलेला. काही ओळींच्या शेवटी एक रिकामी जागा, जी डोळ्याला दिसत नाही, पण जुळणी मात्र फसवते. सुरुवातीच्या ‘जुळत नाही’ या संदेशाचे एक उत्तर इथेच आहे: ‘०५/०३/२०१९’ आणि ‘५/३/२०१९’ यांत माणसाला फरक दिसत नाही, आणि अक्षरे मोजणाऱ्या यंत्राला साम्य दिसत नाही.

आपल्याकडे यात एक खास भर पडते. मराठी कळफलक चालू राहिला तर तारीख देवनागरी अंकांत टंकली जाते. संगणकाच्या दृष्टीने देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हे आहेत, क आणि ख इतकी वेगळी, आणि चिन्हांच्या क्रमांकांनुसार लावलेल्या यादीत देवनागरी अंकांनी सुरू होणाऱ्या सगळ्या तारखा इंग्रजी अंकांच्या मागे जाऊन बसतात. यात मराठीचा दोष काही नाही. टंकलेले देवनागरी अंक दारावरच इंग्रजी अंकांत बदलून घेणे ही प्रणाली लिहिणाऱ्यासाठी दहा ओळींची गोष्ट आहे, आणि ती न करता ‘फक्त इंग्रजीत भरा’ अशी पाटी लावणे मला कधीच पटलेले नाही.

दोन आकडी वर्षांचा घोळ वेगळाच. ‘५५’ म्हणजे १९५५ की २०५५? एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, त्याची मूळ मांडणी बदलली नसेल तर, १९५५ समजतो. मायएसक्यूएल ७० ते ९९ एवढ्यांनाच गेल्या शतकात टाकतो, म्हणून तो २०५५ समजतो. एकाच ओळीचे एका घरात पेन्शनर होतात आणि दुसऱ्या घरात अजून न जन्मलेले बाळ. २००० सालच्या आधी वायटूके म्हणून जगभर जी धावपळ झाली ती याच दोन आकड्यांमुळे होती, आणि मजकुराच्या रकान्यांतून ती अजून घरोघरी शिल्लक आहे.

## दुरुस्ती कशी करायची

इथे एक नियम मी कधीच मोडत नाही: जुन्या रकान्याला हात लावायचा नाही. तो पुरावा आहे. त्याच्या शेजारी तारीख प्रकाराचा नवा रकाना घ्यायचा, आणि त्याच्या शेजारी आणखी एक, ‘कारण’ नावाचा, जिथे रूपांतर का झाले नाही किंवा कोणत्या आधाराने झाले ते लिहायचे.

मग नमुने मोजायचे. प्रत्येक ओळीतला आकडा काढून त्या जागी एकच खूण ठेवली, की हजारो ओळी वीस-पंचवीस नमुन्यांत येतात: दोन-दोन-चार आकडे तिरक्या रेघांनी, तेच आडव्या रेघांनी, नुसते चार आकडे, वगैरे. ज्या नमुन्याचा अर्थ निश्चित आहे तेवढाच, त्याचा अर्थ स्पष्ट सांगून, रूपांतरित करायचा. यासाठी पोस्टग्रेस आणि ओरॅकल या डेटाबेसांत टू_डेट ही आज्ञा आहे, मायएसक्यूएलमध्ये एसटीआर_टू_डेट आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्राय_कन्व्हर्ट आहे, आणि या शेवटच्याला १०३ हा क्रमांक दिला की तो दिवस आधी धरतो, न जमल्यास अडून न बसता जागा रिकामी ठेवतो. पण साधनावर आंधळा विश्वास ठेवू नये. पोस्टग्रेसच्या २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपूर्वी टू_डेटला ३१ जून २०१८ दिले तर ते चूक न दाखवता १ जुलै २०१८ करून देत असे. चूक जितकी शांतपणे होते तितकी ती महाग पडते.

रूपांतर झाल्यावर खरे काम सुरू होते, ते पडताळणीचे. त्या पतसंस्थेत आम्ही नव्या तारखांचे वार काढले, कारण रविवारी संस्था बंद असते. काही नोंदी रविवारच्या निघाल्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या एकाच शाखेच्या होत्या. त्यांतली एक होती ‘१०/०३/२०१९’. १० मार्च २०१९ हा रविवार. पण तीच तारीख उलटवली तर ३ ऑक्टोबर २०१९ होते, आणि तो गुरुवार. नुसत्या वारावरून निर्णय घेणे योग्य नव्हते, म्हणून व्यवस्थापकांना विचारले. ते म्हणाले, “पावती पुस्तके वरच्या कपाटात आहेत, साहेब, काढून देतो.” पावती क्रमांकांच्या ओळीत ती पावती कुठे बसते ते पाहिले. तिच्या आधीची, बारा तारखेनंतरची म्हणजे उलटू न शकणारी सर्वांत जवळची पावती ३० सप्टेंबरची होती, आणि पुढची तशी पावती १४ ऑक्टोबरची. म्हणजे ३ ऑक्टोबरच खरी. त्या शाखेतल्या एका संगणकाची मांडणी अमेरिकी होती आणि नोंदी तिथून एक्सेलमार्गे आल्या होत्या. ज्या २२१ तारखा उलटू शकत नाहीत त्या अशा वेळी रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारख्या उपयोगी पडतात. मधल्या संशयित तारखा त्यांच्या आधाराने जागेवर बसवता येतात.

## ‘वर्ष आधी लिहिले की मजकूरही चालतो ना?’

ही हरकत रास्त आहे आणि तिला अर्धे ‘हो’ म्हणायला हवे. प्रत्येक ओळ २०१९-०३-०५ याच रूपात असेल तर क्रमवारी बरोबर लागते आणि आर्थिक वर्षाची यादीही बरोबर निघते. मोबाइलमधल्या असंख्य अॅपमध्ये वापरला जाणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस तर तारखेसाठी वेगळा प्रकारच देत नाही. तिथे तारीख मजकूर किंवा आकडा म्हणूनच ठेवावी लागते, आणि मजकूर म्हणून ठेवायची तर हेच रूप योग्य ठरते.

पण उरलेले अर्धे उत्तर ‘नाही’ आहे. मजकुराचा रकाना २०२३-०२-३० निमूटपणे आत घेतो. एकाने शून्य गाळून २०२३-२-५ लिहिले की ती ओळ डिसेंबरच्याही पुढे जाते. शिस्त सगळ्यांनी, कायम पाळली तरच हे रूप टिकते, आणि ही शिस्त पाळून घेण्यासाठीच तर तारीख हा प्रकार आहे. शिवाय तो जागाही कमी घेतो: मायएसक्यूएलमध्ये तीन बाइट, पोस्टग्रेसमध्ये चार, आणि मजकुरात किमान दहा.

## ‘आपल्या लोकांना दिवस आधी वाचायची सवय आहे’

ती बदलायची गरजच नाही. साठवणे आणि दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या पासबुकात ‘रु. १,२५,०००’ असे स्वल्पविरामासह छापतात म्हणून आत स्वल्पविराम साठवत नाहीत. तसेच आत तारीख प्रकार ठेवून पडद्यावर ‘५ मार्च २०१९’ दाखवता येते, देवनागरी अंकांतही दाखवता येते. छापताना महिन्याचे नाव अक्षरी दिले तर ५ मार्च की ३ मे हा प्रश्न वाचणाऱ्यापुरता तरी मिटतो, म्हणून प्रमाणपत्रांवर आणि पावत्यांवर मी तेच सुचवतो.

## ‘शोधतानाच रूपांतर केले तर?’

मूळ रकाना मजकूरच ठेवायचा आणि प्रत्येक शोधाच्या वेळी त्याची तारीख करून घ्यायची, हा मार्ग लहान तक्त्याला चालतो. मोठ्या तक्त्यात दोन अडचणी येतात. डेटाबेस जलद शोधतो तो इंडेक्समुळे, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशा सूचीमुळे. सूची मजकुरावरून केलेली आणि प्रश्न तारखेचा असला की ती निरुपयोगी होते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक ओळ चाळावी लागते. दुसरी अडचण अशी, की लाखो ओळींत एक जरी ‘नंतर कळवू’ असली तर रूपांतर तिथे अडते आणि कित्येकदा सगळीच यादी निघत नाही. मूळ प्रणाली दुसऱ्याची असल्यामुळे बदलता येत नसेल, तर शेजारी वेगळा तक्ता ठेवून त्यात रोज रात्री स्वच्छ तारखा भरून घेणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे.

## ‘ज्यांची तारीखच माहीत नाही त्यांचे काय?’

सर्वांत महत्त्वाची हरकत हीच, कारण ती माणसांची आहे. महाराष्ट्रात १ जून हा असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस आहे. जन्माची नोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजींनी वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहिले, आणि तीच तारीख पुढे दाखल्यावर, नोकरीत, निवृत्तीत चालत आली. आधारमध्येही पुरावा नसलेल्यांच्या बाबतीत नुसते जन्मवर्ष नोंदवण्याची सोय होती. तारीख हा प्रकार पूर्ण दिवस मागतो. नुसते १९५२ त्याला चालत नाही. म्हणून काही जण मजकुराचा रकाना पसंत करतात, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे.

तरी उत्तर मजकूर हे नाही. तारखेच्या शेजारी ‘अचूकता’ असा छोटा रकाना ठेवावा: पूर्ण दिवस माहीत, महिना माहीत, फक्त वर्ष माहीत, अंदाजे. किंवा वर्ष, महिना आणि दिवस असे संख्येचे तीन रकाने घ्यावेत आणि माहीत नाही ते रिकामे ठेवावे. मग साठ वर्षे पूर्ण झाली का, असे विचारल्यावर प्रणाली अंदाजे तारखेवरून कुणाला परस्पर अपात्र न ठरवता ती नोंद माणसापुढे ठेवू शकते. रिकामी जागा भरायची म्हणून ०१/०१/१९०० टाकणे मात्र सर्वथा टाळावे. रिकामी जागा ‘माहीत नाही’ असे सांगते. १९०० सालची तारीख खोटे सांगते, आणि पुढच्या सरासरी वयात ते खोटे मिसळून जाते.

## ‘मग तारीख-वेळ असा प्रकार घेऊ, म्हणजे सगळेच आले’

घाईने हे करणारे पुष्कळ भेटतात. जन्मतारीख किंवा मुदतपूर्तीची तारीख ही दिवस असते, क्षण नसतो. तिला वेळेसह साठवले की ५ मार्चची मध्यरात्र, म्हणजे शून्य वाजून शून्य मिनिटे, अशी नोंद होते. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे ती नोंद जागतिक वेळेत ४ मार्चच्या संध्याकाळी साडेसहाची होते. पुढच्या कुणी तीतला फक्त दिवस उचलला की जन्मतारीख एक दिवस मागे सरकते, आणि पुन्हा तोच ‘जुळत नाही’ हा संदेश येतो. ज्याला दिवस हवा त्याने दिवसाचाच प्रकार घ्यावा.

त्या पतसंस्थेच्या कामात शेवटी काही मोजक्या नोंदी उरल्या, ज्यांच्या पावती पुस्तकांची पाने पुराच्या पाण्यात गेली होती. त्यांच्या तारखेचा रकाना आम्ही रिकामा ठेवला, ‘कारण’ या रकान्यात ‘पावती उपलब्ध नाही, ठेवीदाराकडील प्रत पाहावी’ असे लिहिले, आणि जुन्या मजकुराचा रकाना होता तसा शेजारी राहू दिला. पुढच्या काही महिन्यांत ठेवीदार आपापल्या प्रती घेऊन आले तशा त्या जागा एकेक करून भरल्या. दोन अजून रिकाम्या आहेत.